सेल्फ घेत नाही!

आपल्याकडच्या गॅरेजात 'स्टार्टर मोटर' असं फारसं कोणी म्हणत नाही. तिथे असतो तो 'सेल्फ'. सेल्फ मार, सेल्फ घेत नाही, सेल्फ उतरवून बघ. हा 'सेल्फ-स्टार्टर'मधला सेल्फ, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन शब्द. तिकडे तो मागे पडला, आपल्याकडे मात्र रोज वापरात आहे. गंमत आहे की नाही?

हे आठवायचं कारण म्हणजे इंजिन बदललेल्या गाडीचं एक हमखास दुखणं. सगळं जोडून होतं, तेल-पाणी भरलं जातं, देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली जाते, आणि... काहीच नाही. इंजिन फिरतच नाही. मग सगळे नव्या इंजिनाकडे संशयाने बघू लागतात. पण किल्ली आणि इंजिन यांच्यामध्ये गेल्या शतकात एकेक कडी वाढत गेली आहे, आणि इंजिन उतरवताना यातल्या बऱ्याच कड्या सोडाव्या लागतात. आधी बघायचं ते तिथे.

सुरुवातीला मधे फक्त माणसाचा हात होता. पुढून हँडल घालायचं आणि फिरवायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगटाजवळचं हाड मोडायचं. अस्थितज्ज्ञ आजही त्या प्रकारच्या मोडीला 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. १९०८ साली डेट्रॉइटचे मोटार उद्योजक बायरन कार्टर वारले, ते असाच झटका बसलेल्या दुखापतीतून, अशी गोष्ट सांगतात. एका अडलेल्या बाईंची गाडी सुरू करून द्यायला गेले होते म्हणे. तपशील प्रत्येकजण वेगळे सांगतो, पण कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी यानंतर हँडल घालवायचं मनावर घेतलं, असं ही आख्यायिका म्हणते.

ते काम जमवलं ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. इंजिन फिरवायला विजेची मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल, असा तेव्हाचा समज होता. केटरिंग आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होते आणि तिथे त्यांनी विजेवर चालणारा गल्ला केला होता. त्यामुळे त्यांना एक गोष्ट ठाऊक होती : मोटर काही सेकंदच चालणार असेल, तर छोट्या मोटरीकडूनही भरपूर काम ओढून घेता येतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो १९१९ मध्ये मिळाला. हात सुटला!

पुढची कडी रबराची. १९३१ मध्ये प्लिमथने इंजिन रबरी माउंटिंगवर बसवून धडधड कमी केली आणि ही पद्धत पुढे सगळीकडे रुळली. पण रबरातून वीज जात नाही. सेल्फ इंजिनावर बसतो आणि त्याची परतीची वाट इंजिनाच्या लोखंडातूनच जाते. म्हणजे इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी एक जाड अर्थची पट्टी आता हवीच.

त्यानंतर १९४९ मध्ये क्रायस्लरने किल्लीनेच सेल्फ मारायची सोय केली. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्ये नसेल तर सेल्फ न घेणारा स्विच आला, काही साध्या गाड्यांत तोच क्लचवर आला. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. गाडी आता किल्लीही ओळखून घेऊ लागली.

माझ्या आतेभावाच्या जीपचं इंजिन बदललं तेव्हाची गोष्ट. किल्ली फिरवली की नुसतं 'कट्ट'. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. सेल्फ बदलून झाला, तरी तेच. इंजिन जाम आहे असं ठरलं, ते विकणाऱ्याशी फोनवर भांडण झालं आणि इंजिन पुन्हा उतरवायची तयारी सुरू झाली. तेवढ्यात एक म्हातारे वायरमन आले. त्यांनी पुढच्या पुलीच्या नटाला पान्हा लावून इंजिन हाताने फिरवून बघितलं. फिरलं. म्हणजे जाम नाही. मग अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला बोट लावलं, ती चांगलीच तापली होती! अर्थची पट्टी जोडलीच नव्हती, त्यामुळे बिचारा करंट सापडेल त्या वाटेने परतत होता. त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला जंपर केबल लावली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

दिवे का फसवतात ते हिशेबात कळतं. दिव्याला लागतात थोडे अँपिअर, सेल्फला दीडशे किंवा जास्त. वाटेत नुसता ०.०५ ओहमचा अडथळा असला, तरी १५० अँपिअरला साडेसात व्होल्ट तिथेच जातात. १२.६ व्होल्टच्या बॅटरीतून सेल्फच्या वाट्याला उरणार किती? म्हणून मीटर लावायचा तो किल्ली फिरवलेली असताना, बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यामध्ये. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं, तर दोष अर्थचा.

आणि 'कट्ट'सुद्धा आलं नाही तर? मग सेल्फवरच्या बारीक वायरला, किल्ली फिरवताना, १२ व्होल्ट येतात का ते पाहा. येत नसतील, तर फ्यूज, रिले, किल्ली आणि तो न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच. ऑटोमॅटिकच्या जागी साधा गिअरबॉक्स बसवला असेल, तर त्या स्विचची वायर कुठेतरी लोंबकळत असण्याचीच शक्यता जास्त.

विकणाऱ्याला आतेभावाने दुसऱ्या दिवशी फोन केला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, पण दोघं आता एकमेकांच्या घरी जेवायला जातात.

असो. एका हाताच्या पट्टीपायी माणसं तुटायची वेळ आली होती. इंजिनाला आणि माणसाला दोष देण्याआधी मधली जोडणी बघावी, एवढंच.