रानमूग, रानउडीद आणि ओळख-किल्लीचा इतिहास

वनस्पतिशास्त्रात ‘की’ किंवा ओळख-किल्ली म्हणजे परस्परविरोधी लक्षणांच्या जोड्यांची क्रमवार मांडणी होय. अभ्यासकाने हातातील वनस्पतीला लागू पडणारे विधान स्वीकारायचे, त्याच्या जोडीचे सोडून द्यायचे आणि अशा निवडींनी अखेर जातीच्या नावापर्यंत पोहोचायचे, अशी तिची रीत आहे. झां-बातीस्त लामार्क यांनी 1778 हे साल छापलेल्या फ्रान्सच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात ही द्विभाजी पद्धत हेतुपुरस्सर वापरली, कारण वर्गीकरणाचे शिक्षण न घेतलेल्या वाचकालाही रानात दिसलेल्या रोपाचे नाव शोधता यावे, अशी त्यांची इच्छा होती.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नोंद 1839 साली जॉन ग्रॅहम यांच्या सूचीने आणि 1861 साली डॅल्झेल व गिब्सन यांच्या ग्रंथाने पुढे नेली. मात्र इथल्या अभ्यासकाच्या हाती दीर्घकाळ राहिलेला ग्रंथ थिओडोर कुक यांचा होय. कुक मुळात अभियंता होते, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि त्यांनी 1901 ते 1908 या काळात इलाख्याच्या वनस्पतींचे वर्णन भागाभागाने प्रसिद्ध केले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे मूग, उडीद आणि त्यांचे रानटी भाऊबंद ‘फॅसिओलस’ या प्रजातीत, म्हणजे आज ज्या प्रजातीत राजमा मोडतो तिच्यात घातले जात. शिवाय एकोणिसाव्या शतकातील अनेक ग्रंथांत मुगाला ‘मुंगो’ म्हटलेले आढळते, तर आज ‘मुंगो’ हे नाव उडदाचे आणि ‘रेडिएटा’ हे मुगाचे मानले जाते. त्यामुळे जुन्या पुस्तकातील नाव नव्या नावाशी जुळवण्यापूर्वी त्याखालचे वर्णन वाचणे अपरिहार्य ठरते.

या गटाची ओळख अवघड का, हे फुलाच्या रचनेवरून कळते. शिंबावंत कुलातील या वनस्पतींचे फूल पतंगरूप असते, म्हणजे त्यात एक मोठी पाकळी (ध्वज), दोन बाजूंच्या पाकळ्या (पंख) आणि केसरदले व किंजदल झाकणाऱ्या दोन जुळलेल्या पाकळ्या (नौतल) असतात. मूग-उडदाच्या आशियाई गटात नौतलाच्या एका बाजूला खिशासारखा उंचवटा असतो, किंजलाचे टोक पराग ग्रहण करणाऱ्या किंजल्काच्याही पुढे चोचीसारखे वाढलेले असते आणि देठाच्या तळाशी असणारी उपपर्णे कडेने नव्हे तर मधल्या भागाने चिकटलेली असतात. राजम्याच्या गटात नौतल व किंजल यांना घट्ट पीळ असतो आणि उपपर्णे तळाशीच जोडलेली असतात. अशा लक्षणांच्या आधारे बर्नार्ड व्हर्डकोर्ट यांनी 1970 साली ‘फॅसिओलस’ हे नाव अमेरिकी जातींपुरते मर्यादित केले, आणि मूग-उडीद ‘विग्ना’त स्थिरावले.

सह्याद्रीतील एका जातीचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे. डॅल्झेल व गिब्सन यांनी तिला ‘फॅसिओलस ग्रँडिस’ म्हटले होते, परंतु ते नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले असल्याने नियमानुसार टिकू शकले नाही; खंडाळ्याच्या वनस्पतींवर 1953 साली ग्रंथ प्रसिद्ध करणारे स्पॅनिश जेझुइट फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी तिला खंडाळ्याचे नाव दिले, आणि आज ती ‘विग्ना खंडालेन्सिस’ म्हणून ओळखली जाते. उभी वाढ आणि पानासारखी मोठी उपपर्णे यांमुळे ती चटकन वेगळी काढता येते.

रानमूग आणि रानउडीद यांच्या बाबतीत असे घडत नाही. पावसाळ्यानंतर डोंगरउतारांवर आणि कुंपणांवर दिसणाऱ्या या दोन्ही वेलींना तीन पर्णिका, पिवळी फुले आणि केसाळ, वाळल्यावर काळपटणाऱ्या शेंगा असतात. म्हणून दोहोंची नोंद पुष्कळ काळ एकाच नावाखाली होत राहिली, आणि उडदाच्या रानटी पूर्वजाला ‘सिल्व्हेस्ट्रिस’ हे स्वतंत्र उपनाम 1980 साली मिळाले. आता भेद शेंगांवरून व बियांवरून केला जातो: उडदाच्या शेंगा ताठ उभ्या असून त्यांवरील केस लांब असतात आणि बीजाच्या नाभीभोवती उंच कडा असते; मुगाच्या शेंगा पसरलेल्या किंवा लोंबत्या, केस आखूड आणि नाभी सपाट असते.

या लक्षणांतील शेंगांची दिशा दाबून वाळवलेल्या नमुन्यात हरवते, आणि फुलांचा रंग व नौतलाचा आकारही बिघडतो; म्हणजे कितीही काळजीपूर्वक रचलेली किल्ली नमुना गोळा करणाऱ्याच्या नोंदीवर अवलंबून राहते. म्हणूनच रानमूग गोळा करणाऱ्या प्रत्येकाने फूल, पक्की शेंग आणि बी एकाच वेलीवरून घ्यावे, शेंगा उभ्या होत्या की लोंबत्या हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे, आणि नमुना जवळच्या वनस्पतिसंग्रहात अवश्य द्यावा.