मिठागरांच्या गावाने वाचावा असा मिठाचा इतिहास

आपलं भाईंदर म्हणजे मिठागरांचं गाव. लोकलमधून दिसणारे मिठाचे पांढरे ढीग जुन्या लोकांना आजही आठवतात. त्यामुळे इथे एक समज पक्का आहे, 'समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन असणारच.' तसं नाही. आगरात पाणी आटून मीठ उरतं, आयोडीन मात्र नावापुरतंच. ते वेगळं मिसळावं लागतं.

हे शिकायला देशाला बराच काळ लागला. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं, काहींना साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या गावांतला गलगंड स्पष्ट कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, पण तो डोंगराळ पट्ट्यापुरता. पुढे पाहण्या झाल्या तेव्हा कळलं, सपाटीवर आणि किनाऱ्यावरही ही कमतरता आहे. मग सगळ्या देशाचंच मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. १९९८ मध्ये खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी आली, २००० मध्ये 'सक्ती नको' म्हणून ती उठली, २००६ मध्ये पुन्हा लागली.

एवढा आटापिटा कशासाठी? गळ्याची गाठ दिसते तरी. खरं नुकसान दिसत नाही. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत आयोडीन कमी पडलं तर मेंदूची वाढ खुंटते, आणि ती नंतर भरून निघत नाही. मूल सुस्त असेल, उंची वाढत नसेल, सतत बद्धकोष्ठ असेल, अभ्यासात मागे पडत असेल, तर 'आळशी आहे' म्हणून सोडून देऊ नका. कारणं अनेक असू शकतात, म्हणून डॉक्टरांना दाखवा. बाळ जन्मल्यावर थायरॉइडची तपासणी झाली का, तेही विचारा.

हल्ली आपल्याकडे खडेमीठ आणि सैंधव 'नैसर्गिक' म्हणून हौसेने घरात येतं. मला काळजी वाटते ती त्याची. निदान गरोदर बाई आणि लहान मुलं असलेल्या घरात तरी पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं बघूनच घ्या. आपल्या दमट हवेत मीठ उघडं ठेवू नका, घट्ट झाकणाचा डबा वापरा, शेगडीपासून लांब ठेवा. आणि हो, मीठ जास्त खायचं नाहीये. तेवढंच, पण आयोडीनचं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात तर वरून मीठ घालूच नका, त्याला आयोडीन आईच्या दुधातून मिळतं, म्हणून आईचं मीठ नीट हवं.

आज घरातलं पाकीट एकदा उलटून वाचा.