वऱ्हाडातली कापडाची पारख

सुटाचे कापड अस्सल आहे की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते. तंतू कोणता, तो किती बारीक आणि लांब, आणि काठावर छापलेले खरोखर ताग्यात उतरले आहे का. यातल्या पहिल्या दोन गोष्टींची पारख अकोट-अमरावतीच्या काळ्या मातीत सूट येण्याच्या कितीतरी आधीपासून होत होती, फक्त ती कापडाची नव्हे, रुईची होती. तिसरी गोष्ट, म्हणजे छापावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न नंतर आला आणि तो अजून सुटलेला नाही.

रुई पारखण्याची रीत साधी आणि अचूक होती. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून ओढायची, अर्धी एका हातात येते ती दुसऱ्या हातातल्या अर्ध्यावर ठेवून पुन्हा ओढायची. पाच-सहा वेळा असे केले की तुटके, आखूड तंतू गळून जातात आणि बोटांत एक चपटी, रेशमी पट्टी उरते. ती काळ्या बाहीवर ठेवली की तंतूची लांबी दिसते आणि टोके सरळ आहेत की फाटकी तेही कळते. मुरलेला दलाल एवढ्यावरून बनी आणि जरी यांतला फरक सांगत असे. बनी म्हणजे वऱ्हाडचा जुना, मऊ, बारीक धाग्याचा कापूस आणि जरी म्हणजे जाडाभरडा. पुढे जिनिंगमध्ये जास्त रुई देणारे रोझियम हे वाण आले आणि बनी मागे पडली. शेतकऱ्याला बारीकपणाचे वेगळे पैसे मिळत नव्हते, वजनाचे मिळत होते. मग त्याने वजन पिकवले तर दोष कोणाचा? लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या ‘उमरावती’ या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई आणि त्या नावात कौतुक फारसे नव्हते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या भावाला एकाएकी पंख फुटले. भाव वाढताच भेसळही वाढली. रुईत सरकी ठेवणे, पाणी मारणे, चांगल्या मालात आखूड माल मिसळणे हे सर्रास होऊ लागले. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला, पण कागदावरचा दंड खेड्यातल्या जिनापर्यंत क्वचितच पोचे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि माल मुंबईला जाणे सोपे झाले. अकोट त्या मुख्य लोहमार्गाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे असल्याने तिथला कापूस बैलगाडीने अकोल्याकडे जाई. वाटेत तो किती हातांतून जातो आणि कुठे काय मिसळले जाते, हे मूळ शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

भावही उघड ठरत नसत. दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव करत आणि गाडीवाला शेजारी उभा राहून दोघांचे चेहरे वाचत बसे. वऱ्हाडने याला पहिला बांध घातला. १८८६ मध्ये इंग्रजांच्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारासाठी वऱ्हाडचा स्वतंत्र कायदा झाला. पुढच्या बाजार समित्यांची मुळे या कायद्यात आहेत. १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी देशव्यापी कायदा आला आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक टाकणे बंधनकारक झाले. गाठीत खोट निघाली तर आता ती कोणाची, हे विचारता येऊ लागले.

कापडावरचा छाप हा या गाठीवरच्या छापाचा थोरला भाऊ. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याने थानावर त्याची लांबी वारात ठळक छापण्याची सक्ती केली, कारण थान सांगितल्यापेक्षा आखूड निघत असे. मँचेस्टरच्या कापडावर देवदेवतांची रंगीत तिकिटे चिकटवलेली येत. गिऱ्हाईक वाचू शकत नसे, पण चित्र ओळखे, आणि नेमके म्हणूनच दुसऱ्याचे चित्र चोरणे हा फायद्याचा धंदा ठरला. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या (१८७७) देशी गिरण्या आल्यावरही कापडाची ओळख चित्र आणि छाप यांनीच होत राहिली.

सूट वऱ्हाडात आला तो कचेरीच्या आणि कोर्टाच्या वाटेने. अमरावतीच्या वकिलांत पगडी-उपरणे बराच काळ टिकून होते, तरी विलायतेत शिकून परतणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आले, ते याच पिढीतले. त्या काळी चांगले लोकरी कापड म्हणजे विलायती किंवा मग कानपूरच्या लाल इमली आणि पंजाबच्या धारीवाल गिरणीचे. ठाण्याची लोकर गिरणी १९२५ मध्ये रेमंड या नावाने उभी राहिली आणि १९४४ मध्ये सिंघानियांकडे गेली. अकोटसारख्या गावात शिंप्याकडे कापड नसे, गिऱ्हाईक ते अकोल्याहून किंवा अमरावतीहून आणे. त्यामुळे कापड खरे की खोटे, हा वाद शिंप्याच्या दुकानात होई, पण त्याचे उत्तर कापडवाल्याकडे असे.

शिंपी ते कसे पाही? आधी काठ. चांगल्या लोकरी कापडाच्या काठात गिरणीचे नाव विणलेले असे. छापील काठ नंतर मारता येतो, विणलेला नाही. मग मूठ आवळून कापड चुरगळायचे आणि सोडायचे. लोकर सावकाश पण पूर्ण उलगडते, हलका माल चुण्या धरून बसतो. मग शिलकीतला एक धागा उभा आणि एक आडवा काढून उलटा पीळ द्यायचा. उत्तम वर्स्टेडमध्ये, म्हणजे विंचरलेल्या लोकरीच्या कापडात, दोन्ही धागे दुहेरी असतात, स्वस्त मालात आडवा धागा बहुधा एकेरी. शेवटी जाळून पाहणे. लोकर केस जळाल्याचा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखे जळते. टेरिलीन, म्हणजे पॉलिएस्टर, वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. १९६० नंतर टेरीकॉट आणि टेरीवूल घरोघर पोचले, तेव्हा या मण्याला फार महत्त्व आले. कापड लोकरीचे म्हणून विकले जाई आणि काडी लावली की मणी होई.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. लोकर आहे हे जळण्यावरून कळते, ती किती बारीक हे कळत नाही. त्यासाठी छापाकडेच वळावे लागते. १९६४ मध्ये आलेले वूलमार्क चिन्ह शुद्ध लोकरीची खात्री देते, बारीकपणाची नव्हे. काठावरचे ‘सुपर १००’ किंवा ‘सुपर १२०’ बारीकपणा सांगतात. हे आकडे जुन्या सूत-नंबरातून आले आहेत. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात, वर्स्टेड लोकरीत लडी ५६० वारांची. नंबर वाढला की सूत बारीक, हे वऱ्हाडातल्या कोष्ट्याला कोणी शिकवायला नको. फरक एवढाच की आजचा सुपर आकडा सुतावर नव्हे, तंतूच्या जाडीवर ठरतो. आंतरराष्ट्रीय लोकर संघटनेच्या नियमाने सुपर १०० साठी तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉनपेक्षा जाड नसावा, सुपर १२० साठी १७.७५ आणि सुपर १५० साठी १६.२५. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. तरी मोठा आकडा म्हणजे चांगला सूट, ही समजूत अर्धीच खरी आहे. बारीक लोकर विरळ विणली तर सूट लवकर झिजतो, आणि अकोल्याच्या ४५ अंशांत सुपर १५० पेक्षा साधे, मोकळ्या विणीचे ट्रॉपिकल कापड जास्त उपयोगी पडते. लग्नसराईत नेमके उलटे होते. चकाकी पाहून कापड निवडले जाते आणि त्या चकाकीत पॉलिएस्टर किती, हे कोणी विचारत नाही.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा पारखीचा हाच प्रश्न पुन्हा कापसावर आला. खरेदी केंद्रावर ग्रेडर मूठभर कापूस उचलून डोळ्यांनी प्रत ठरवे. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल आणि शेवटची फरदड एकाच गाडीत आली की वाद पेटे, आणि ‘कवडी’, म्हणजे किडका-डागी, म्हणून काढलेल्या कापसावर शेतकऱ्याचा सगळा हंगाम अडकून पडे. कापडाच्या बाबतीत मात्र कायद्याने ग्राहकाला आकडा दिला. १९८८ च्या नियमांनुसार कापडावर तंतूंचे प्रमाण टक्क्यांत छापणे सक्तीचे झाले. सुटिंगच्या काठावर ‘पॉलिएस्टर ६५, व्हिस्कोस ३५’ दिसते ते त्यामुळेच. २००१ मध्ये आयातीवरची संख्यात्मक बंधने उठली आणि इटलीचा, इंग्लंडचा माल उघडपणे दुकानात आला. त्याच्यासोबत त्या नावांचे बनावट काठही आले.

अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग पार्कमध्ये आता रेमंडचा लिननचा कारखाना आहे. लिनन ज्या जवसाच्या झाडापासून होते, ते विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या पेरले जाते, पण तेलासाठी. ते आखूड आणि फांद्या फुटणारे वाण असते. धाग्याचे उंच, सरळ वाण मुख्यतः फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स या पट्ट्यात पिकते. खऱ्या लिननच्या धाग्यात जागोजागी जाड गाठी असतात, पण त्या एकसारख्या अंतरावर नसतात. पॉलिएस्टरच्या नकलेत त्या ठरावीक अंतराने येतात. लिनन मुठीत चुरगळले की चुण्या पडतात आणि राहतात. एरवी कापडाचा दोष मानली जाणारी ही चुणी लिननमध्ये खरेपणाची खूण ठरते.