शिरोवेदना, शस्त्रक्रिया आणि वृत्तपत्रें

डोकें कधींच दुखलें नाहीं असा मनुष्य विरळा. म्हणूनच कीं काय, डोकेदुखीची तक्रार आपण फारशी मनावर घेत नाहीं. नकोशा सभेला न जाण्याची ती एक सभ्य सबब आहे, एवढीच तिची समाजांत किंमत. परंतु आज जिच्याविषयीं मला आपणांशीं बोलावयाचें आहे, ती डोकेदुखी या घरगुती दुखण्याची दूरची नातलगही नव्हे. डॉक्टर तिला 'क्लस्टर हेडेक' म्हणतात. क्लस्टर म्हणजे घोस. अमेरिकेंतील डॉ. कंकल आणि त्यांचे सहकारी यांच्या १९५२ सालच्या लेखापासून हें नांव रूढ झालें, आणि तें यथार्थ आहे. कारण या दुखण्याचे झटके द्राक्षांच्या घोसाप्रमाणें एकाला एक लागून येतात.

एका डोळ्याच्या मागें, त्याच बाजूच्या कानशिलापर्यंत, तापलेली सळई खुपसावी तशी कळ येते. डोळा लाल होतो, त्यांतून पाणी वाहूं लागतें, पापणी उतरते, त्या बाजूची नाकपुडी चोंदते. अर्धशिशीचा रोगी अंधाऱ्या खोलींत निपचित पडून राहतो. याला मात्र बसवत नाहीं आणि निजवतही नाहीं. तो येरझारा घालतो, डोकें दाबून धरतो, प्रसंगीं भिंतीवर आपटतो. झटका पाव तासापासून तीन तासांपर्यंत टिकतो आणि दिवसांतून आठ वेळांपर्यंत येऊं शकतो. तोही पुष्कळदां ठराविक वेळीं, रात्रीं नुकती झोप लागल्यावर. असें कांहीं आठवडे किंवा कांहीं महिने चालतें. मग एके दिवशीं हें सारें आपोआप थांबतें आणि महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें, तो मनुष्य अगदीं धडधाकट असतो. आपोआप थांबण्याचा हा जो गुण, तो श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावा. मला जें सांगावयाचें आहे तें बहुतेक त्याच्यावरच उभें आहे. थोड्या रोग्यांच्या वांट्याला मात्र अशी सुटी येत नाहीं. त्यांचें दुखणें जवळजवळ वर्षभर चालू राहतें, आणि शस्त्रक्रियेचा विचार होतो तो मुख्यतः अशांसाठींच.

रोग नवा नव्हे. लायडन येथें बोअरहाव्ह यांच्यापाशीं शिकलेले व पुढें व्हिएन्नाच्या दरबारीं वैद्य झालेले गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्या १७४५ सालच्या ग्रंथांत अशा एका रोग्याचें वर्णन आहे. मध्यम वयाचा धट्टाकट्टा गृहस्थ. रोज एकाच वेळीं त्याच्या डाव्या डोळ्याच्या वर दुखूं लागे, डोळा लाल होऊन पाणी गळे, आणि डोळा खोबणींतून हळूहळू बाहेर ढकलला जात आहे असें वाटून तो वेडापिसा होई. कांहीं तासांनीं सर्व शांत. डोळ्यांत पाहावें तर कांहींच बिघाड नाहीं. विसाव्या शतकांत लंडनचे विल्फ्रेड हॅरिस यांनीं १९२६ सालीं आणि अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे बेयार्ड हॉर्टन यांनीं १९३९ सालीं हें दुखणें पुन्हां नीट ओळखलें. हॉर्टन यांनीं हिस्टॅमिन या द्रव्याच्या सूक्ष्म मात्रा टोंचण्याचा उपचार काढला. तो कांहीं काळ फार लोकप्रिय झाला आणि मग मागें पडला. त्यांच्या रोग्यांचे झटके थांबले हें खोटें नव्हतें. पण त्यांतील बहुतेकांचे झटके कांहींही केलें असतें तरी थांबलेच असते, हें हिशेबांत धरलेलें नव्हतें.

शस्त्रवैद्यांची विचारसरणी साधी होती. चेहऱ्यावरील वेदना ट्रायजेमिनल नांवाचा मज्जातंतु मेंदूकडे नेतो. तर त्यालाच सुन्न करावें, जाळावें, अगर तोडावें. हॅरिस त्या मज्जातंतूच्या गांठींत अल्कोहोल टोंचीत असत. सेंट लुईचे ग्रीनफील्ड स्लूडर यांनीं त्यापूर्वींच, १९०८ सालीं, नाकाच्या मागील भागांतील एका मज्जातंतुगुच्छाला कोकेन लावून तशाच वेदना थांबविल्याचें लिहिलें होतें. १९४७ सालीं क्लीव्हलंडचे गार्डनर यांनीं कवटीच्या तळाशीं असलेला एक बारीक मज्जातंतु कापून पाहिला. यांतील कोणी भोंदू नव्हता. वेदनेनें किंचाळणाऱ्या मनुष्यासमोर हात जोडून बसणें डॉक्टरला शक्य नसतें.

आतां वृत्तपत्रांकडे वळूं. त्यासाठीं आपणांस थोडा वेळ स्पेनमध्यें जावें लागेल. १९२९ सालीं तेथील सान सेबास्टियान या समुद्रकांठच्या शहरांत फर्नांदो आसुएरो नांवाचा एक डॉक्टर नाकांत सळई घालून याच ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोंकांना स्पर्श करीत असे. त्यानें म्हणे पांगळे चालूं लागत. ही बातमी एकदां छापली गेली आणि मग स्पॅनिश वृत्तपत्रांना दुसरें कांहीं सुचेना. गांवोगांवचे रोगी लोटले. वैद्यकांतील जाणत्या मंडळींनीं शंका काढल्या त्या या गलबल्यांत कोणाच्या कानीं जाणार? डॉक्टराचें नांव अटलांटिक ओलांडून अर्जेंटिनापर्यंत गेलें. मग कांहीं दिवसांत ही लाट ओसरली. आसुएरोचा रोख आपल्या या शिरोवेदनेवर नव्हता, हें मला ठाऊक आहे. तरी त्याची हकीकत येथें सांगावीशी वाटली; कारण मज्जातंतु तोच, मार्ग तोच नाकाचा, आणि बातमी बनण्याची रीतही तीच. स्पर्श झाला आणि मनुष्य उठला, एवढें एका स्तंभांत मावतें. तो मनुष्य सहा महिन्यांनीं चालत होता कीं नाहीं, हें पाहावयास वार्ताहर परत जात नाहीं.

ट्रायजेमिनल मज्जातंतूवरील सर्व शस्त्रक्रियांच्या मुळाशीं असलेली कल्पना अपुरी होती, याचा एक विलक्षण पुरावा २००२ सालीं पुढें आला. लंडनच्या मथारू आणि गोड्सबी या दोन डॉक्टरांनीं एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा ट्रायजेमिनल मज्जातंतु मुळापासून पूर्णपणें तोडलेला होता. चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला स्पर्श कळत नव्हता. झटके मात्र येतच होते! म्हणजे आग लागली होती ती तारेंत नव्हे, तर आंत कोठेंतरी. ती कोठें असावी याचा माग १९९८ सालींच लागला होता. जर्मनीचे अर्ने माय, हेच गोड्सबी आणि इतर यांनीं नऊ रोग्यांना औषधानें मुद्दाम झटका आणवून त्या वेळीं मेंदूचें चित्रण केलें. तेव्हां मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस म्हणून जो लहानसा भाग आहे, जेथें शरीराचें दिवस-रात्रीचें घड्याळ आहे, त्या ठिकाणीं चेतना दिसली. झटके ठराविक वेळीं कां येतात, या कोड्याशीं हें उत्तर सुरेख जुळलें.

कांपवाताच्या रोग्यांच्या मेंदूंत विजेची बारीक तार बसविण्याची कला ग्रेनोब्लच्या बेनाबिद यांनीं १९८७ पासून वाढविली होतीच. तेव्हां मिलान येथील कार्लो बेस्ता संस्थेंतील लेओने, फ्रांझिनी आणि बुस्सोने यांनीं २००० सालीं एका रोग्याच्या मेंदूंत नेमकी त्या जागीं तार उतरविली आणि छातीच्या त्वचेखालीं विद्युत्-यंत्र बसविलें. झटके थांबले. २००१ सालीं ही हकीकत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्यें एका पत्राच्या रूपानें आली.

यापेक्षां चांगली बातमी वृत्तपत्राला काय हवी? 'मेंदूंतला पेसमेकर' हें नांव तयारच होतें. रोगालाही 'आत्महत्येची डोकेदुखी' असें भयानक टोपणनांव पडलेलें होतें. मथळा मुद्दाम जुळवावा लागतच नव्हता. शिवाय हा चमत्कार सळई घेऊन बसलेल्या एखाद्या डॉक्टराचा नव्हता. खऱ्या शास्त्रज्ञांनीं, खऱ्या शोधावरून, खऱ्या रुग्णालयांत तो केला होता. मिलानच्या मंडळींनीं २००६ पर्यंत सोळा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्यांतील बहुसंख्यांना मोठा आराम पडल्याचें सांगितलें.

पण याच काळांतील आणखी दोन हकीकती मला सांगितल्या पाहिजेत. बेल्जियमच्या शोनेन यांनीं २००५ सालीं सहा रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील एकाला शस्त्रक्रिया चालू असतांनाच भीतीचा झटका आला व ती अर्धवट सोडावी लागली. दुसरा शस्त्रक्रियेनंतर मेंदूंत रक्तस्राव होऊन दगावला. डोकेदुखीनें कोणी मरत नाहीं, असें आपण म्हणतों. तिच्या उपचारानें एक मनुष्य मेला. ही गोष्ट डॉक्टरांनीं लपविली नाहीं, शास्त्रीय नियतकालिकांत स्पष्ट लिहिली. दुसरी हकीकत फ्रान्सची. २०१० सालीं तेथील फोंतेन आणि सहकारी यांनीं अकरा रोग्यांच्या मेंदूंत तारा बसवून एक महिना यंत्र चालू व एक महिना बंद ठेवलें. केव्हां चालू आणि केव्हां बंद, हें रोग्यालाही ठाऊक नव्हतें व तपासणाऱ्यालाही नव्हतें. दोन महिन्यांत फरक दिसला नाहीं. पुढें सर्वांचीं यंत्रें उघडपणें चालविलीं, तेव्हां अकरांपैकीं सहा जणांचे झटके निम्म्याहून कमी झाले. यंत्राला काम करावयास महिना पुरत नसेल, असें एक पक्ष म्हणतो. दुखण्याची स्वतःची भरती-ओहोटी यंत्राच्या खातीं जमा झाली, असें दुसरा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असूं शकतें. मात्र 'फरक दिसला नाहीं' या वाक्याचा मथळा होत नाहीं.

आतां तो आपोआप थांबण्याचा गुण आठवावा. मनुष्य डॉक्टरकडे धांवतो तो दुखणें शिगेला पोंचल्यावर; शस्त्रक्रियेला संमति देतो ती सर्वांत वाईट महिन्यांत. शिगेच्या पुढें उतारच असावयाचा. वर्षभर दुखणाऱ्यांतही कांहींचें दुखणें पुढें मागें आपण होऊन सौम्य होतें. त्या उतारावर जो कोणी उभा असेल, मग तो हिस्टॅमिनवाला असो कीं विद्युत्-यंत्रवाला, त्याच्या गळ्यांत माळ पडते. वार्ताहरही नेमका याच वेळीं येतो. मी वृत्तपत्रांचा द्वेष्टा नाहीं. सकाळचा चहा त्यांच्याशिवाय मला गोड लागत नाहीं. पण दुसऱ्या कोणत्याही रोगापेक्षां या रोगांत पहिल्या दिवशींची बातमी अधिक फसवी असते, आणि फसते ती बातमी देणाऱ्याच्या लबाडीनें नव्हे, तर रोगाच्या स्वभावानें.

आणखी एक शस्त्रक्रिया आहे, जिची बातमी कोणीच देत नाहीं. कळ डोळ्यामागून वरच्या जबड्यांत उतरते, नाक चोंदतें. म्हणून हे रोगी प्रथम दंतवैद्याकडे आणि नाकाच्या डॉक्टरकडे जातात. रोगाचें खरें नांव कळण्यास कित्येकदां वर्षें जातात, आणि दरम्यान निरोगी दांत उपटले गेलेले असतात, नाकाचे पडदे सरळ केले गेलेले असतात. या रोगापायीं झालेल्या शस्त्रक्रिया मोजावयाच्या तर मिलानच्या तारा विसरून या दांतांपासूनच सुरुवात करावी लागेल. उलट, ज्या उपायानें पुष्कळांचा झटका थांबतो तो अगदीं साधा आहे: तोंडावर मुखवटा लावून मिनिटाला बारा लिटर या वेगानें निव्वळ प्राणवायु हुंगणें. प्राणवायूचा उपाय कुड्रो यांनीं १९८१ सालीं तपासून पाहिला होता. २००९ सालीं लंडनमध्यें त्याची साध्या हवेशीं गुप्तपणें तुलना झाली. पाव तासांत आराम पडण्याचें प्रमाण प्राणवायूनें शेंकडा ७८ आणि हवेनें शेंकडा २० निघालें. पण लोखंडी नळकांड्याचें छायाचित्र तें काय छापावयाचें?

शेवटीं जबड्यांतील यंत्राची हकीकत. स्लूडर यांनीं ज्या गुच्छाला कोकेन लावलें होतें, त्याच गुच्छापाशीं, वरच्या हिरडींतून, बदामाएवढें विद्युत्-यंत्र बसवावयाचें आणि झटका येतांच बाहेरून गालावर नियंत्रक धरून तें चालू करावयाचें, अशी युक्ति ऑटोनॉमिक टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीनें काढली. युक्ति खरोखर चतुर होती. मेंदूला हात लावावा लागत नव्हता, आणि रोग्याच्या हातीं प्रथमच कांहीं सत्ता आली होती. २०१३ सालच्या पहिल्या कसोटींत खऱ्या विजेनें शेंकडा ६७ झटक्यांत आराम पडला, खोट्या विजेनें शेंकडा ७. २०१९ सालच्या दुसऱ्या कसोटींत खोट्या बाजूलाही त्वचेला झिणझिण्या येतील अशी योजना केली. तेव्हां आंकडे ६२ आणि ३९ असे आले. यंत्र उपयोगी ठरलें. पण झिणझिण्यांनींच किती काम होतें, तेंही कळलें.

त्याच वर्षीं कंपनी पैशाअभावीं बंद पडली. सातशेंहून अधिक माणसांच्या जबड्यांत तीं यंत्रें होतीं. नियंत्रक बिघडला तर दुरुस्त करणारा नाहीं, विजेचें मान बदलावयाचें तर त्याची सामग्री पुरविणारा नाहीं. पुढें दुसऱ्या एका कंपनीनें तें तंत्र आपल्याकडे घेतलें खरें. पण मधल्या काळांत या लोकांची दाद लागावी कोठें? ज्यांना आराम पडला होता, त्यांच्यावरच हा प्रसंग अधिक कठीण होता. 'नेचर' या प्रख्यात साप्ताहिकानें डिसेंबर २०२२ मध्यें याचा सविस्तर वृत्तांत छापला. त्यासाठीं त्याचा वार्ताहर पुन्हां रोग्यांकडे गेला आणि यंत्राचें पुढें काय झालें, तें त्यानें त्यांना विचारलें. जर्मनींतील एका रोग्यानें तर स्वतः हत्यारें घेऊन आपला नियंत्रक उघडून दुरुस्त करून ठेवला होता.