माराकानातली उभी माणसं

माराकाना स्टेडियम बांधायचं ठरलं तेव्हा रिओ दे जानेरोत सरळ दोन तट पडले. महायुद्धामुळे 1942 आणि 1946 च्या विश्वचषक स्पर्धा झाल्याच नव्हत्या. 1946 साली लक्झेंबर्गच्या अधिवेशनात फिफाने पुढची स्पर्धा ब्राझीलला दिली. रिओ तेव्हा देशाची राजधानी. तिथे जगातलं सर्वांत मोठं स्टेडियम उभं राहिलं पाहिजे, असा महापौर आंजेलो मेंदेस दि मोराइस यांचा हट्ट होता. नगरसेवक कार्लोस लासेर्दा यांनी त्याला कडाडून विरोध केला. बांधायचंच असेल तर दूर जाकारेपाग्वात बांधा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच पक्षाचे दुसरे नगरसेवक आरी बारोझो मात्र स्टेडियमच्या बाजूने उभे राहिले. बारोझो म्हणजे ब्राझीलचे नामवंत संगीतकार आणि रेडिओवरचे लाडके फुटबॉल समालोचक.

या वादात निर्णायक ठरली एका पत्रकाराची लेखणी. मारिओ फिल्यो हे क्रीडा दैनिकाचे संपादक. त्यांनी जुन्या डर्बी क्लबच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाची जागा लावून धरली. ती शहराच्या मधोमध होती, आगगाडीच्या रुळांलगत होती. उत्तरेकडच्या उपनगरांतला कामगार काम संपवून तिथे पोचू शकत होता. माराकानाचं पुढचं सगळं आयुष्य या एका निवडीतून घडलं, असं मला वाटतं. जाकारेपाग्वात ते निघालं असतं तर कदाचित तेवढंच भव्य झालं असतं, पण त्या माणसांचं झालं नसतं.

2 ऑगस्ट 1948 रोजी काम सुरू झालं. 16 जून 1950 रोजी रिओ आणि साओ पावलो यांच्या निवडक संघांमध्ये उद्घाटनाचा सामना झाला. पहिला गोल रिओच्या दिदीने केला, सामना साओ पावलोने 3-1 असा जिंकला. तेव्हा परांचीसुद्धा सगळी उतरवलेली नव्हती. आठवड्याभरात विश्वचषक सुरू झाला आणि बांधकाम खऱ्या अर्थाने पुरं व्हायला 1965 साल उजाडलं.

त्या स्पर्धेत भारतालाही जागा मिळाली होती. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नाव होतं, पण संघ गेला नाही. गेला असता तरी गटातले सामने साओ पावलो आणि कुरितिबाला होते, माराकानाचं गवत आपल्या खेळाडूंच्या पायांना लागलं नसतंच.

आता इमारतीकडे बघू. लंबवर्तुळाकार काँक्रीटचा प्रचंड वाडगा, वर कडेने पुढे झेपावलेलं छप्पर. छपराला समोर एकही खांब नाही, त्यामुळे दृष्टी कुठे अडत नसे. वरच्या मजल्यावर काँक्रीटच्या पायऱ्या, तिथे दाटीवाटीने बसायचं. आणि सर्वांत खाली, मैदानाला वेढा घालणारं एक कडं. त्याचं नाव जेराल. तिथे बसायला काही नव्हतंच. तिकीट सर्वांत स्वस्त, उभं राहायचं, ऊन-पाऊस अंगावर घ्यायचा. मैदान आणि जेराल यांच्यामध्ये खंदक होता. जागा इतकी खोलगट की खेळाडूंचे पाय दिसत, पलीकडच्या गोलजवळ काय चाललंय याचा नीट अंदाज येत नसे. म्हणून लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून समोरचाच सामना ऐकत. या प्रेक्षकांना रिओत जेराल्दिनो म्हणत. आपल्या जुन्या टॉकीजमधल्या पिटातल्या प्रेक्षकासारखा हा माणूस: खिसा रिकामा, पण दाद सगळ्यात आधी त्याची आणि शिवीही सगळ्यात आधी त्याचीच. कुणी सोंग घेऊन येई, कुणी देवाची तसबीर घेऊन. वर्षानुवर्षं त्याच जागी उभे राहणारे लोक तिथे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत.

16 जुलै 1950. ब्राझील विरुद्ध उरुग्वे. शेवटची फेरी साखळी पद्धतीची असल्याने ब्राझीलला नुसती बरोबरी पुरणार होती. याच मैदानावर त्यांनी स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असं धुतलं होतं. तिकिटं काढून आत आलेले 1,73,850 लोक होते, आणि एकूण गर्दी दोन लाखांच्या घरात असल्याचं मानलं जातं. महापौरांनी सामन्याआधीच आपल्या संघाचा विजेते म्हणून गौरव केला. उत्तरार्ध सुरू होताच फ्रियासाने गोल केला. 66 व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली. 79 व्या मिनिटाला घिग्गिया उजवीकडून आत घुसला. गोलरक्षक बार्बोसाला वाटलं, चेंडू मध्ये येणार. घिग्गियाने तो जवळच्या खांबाच्या आतून मारला. 2-1. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे बरोबरी असताना खाली यायला निघाले होते, ब्राझीलच्या अभिनंदनाचं भाषण त्यांच्या खिशात होतं. मैदानात पोचले तेव्हा सगळीकडे सन्नाटा. अखेर गर्दीत वाट काढून त्यांनी उरुग्वेचा कप्तान ओबदुलिओ व्हारेला याच्या हातात चषक कसाबसा ठेवला.

पराभवाचं खापर फुटलं ते मुख्यतः बार्बोसा आणि बचावातल्या बिगोद या काळ्या खेळाडूंवर. ब्राझीलचा पांढरा पोशाख अपशकुनी ठरला. एका वर्तमानपत्राने नव्या पोशाखाची स्पर्धा घेतली आणि तिच्यातून तो पिवळा शर्ट आला, जो आज जगातलं शेंबडं पोरही ओळखतं. शर्ट बदलणं सोपं होतं. बार्बोसाला मात्र 2000 साली मरेपर्यंत सुटका मिळाली नाही. ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची असते, मी पन्नास वर्षं भोगतोय, असं तो म्हणत असे. मारिओ फिल्यो यांनी 1947 मध्येच ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या काळ्या माणसाच्या वाटचालीवर ग्रंथ लिहिला होता. 1966 मध्ये ते गेल्यावर स्टेडियमला त्यांचंच नाव दिलं. बार्बोसाच्या आयुष्याची ज्या मैदानावर राखरांगोळी झाली, त्याच्या दारावर हे नाव आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

माराकाना त्या दुपारीच थांबलं असतं तर ते नुसतं दुःखाचं स्मारक झालं असतं. पण लोक येतच राहिले. डिसेंबर 1963 मध्ये फ्लामेंगो-फ्लुमिनेन्से सामन्याला 1,94,603 माणसं होती. दोन क्लबांच्या सामन्याला इतकी! 1969 च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या पॅराग्वेविरुद्धच्या सामन्याला 1,83,341 तिकिटं खपली. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला पेलेने वास्कोविरुद्ध पेनल्टीवर आपला हजारावा गोल केला. झिकोने इथे तीनशेहून जास्त गोल केले. 1983 मध्ये गारिंचा गेला, तेव्हा त्याचा देह अंत्यदर्शनासाठी इथेच ठेवला होता.

1992 साली फ्लामेंगो-बोताफोगो सामन्यात वरच्या मजल्याचा कठडा तुटला. लोक खाली कोसळले, तिघांचा जीव गेला. क्षमतेवर मर्यादा घालणं आणि दुरुस्ती करणं तेव्हा अपरिहार्यच होतं. त्यात शंका घेण्याला जागा नाही. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली पुढे जे झालं ते वेगळं. 2000 साली ब्राझीलच्या वारसा संस्थेने माराकाना संरक्षित वास्तू म्हणून नोंदवलं, आणि तेही लोकजीवनाच्या वारशाच्या वहीत. म्हणजे सरकारदरबारीही मान्य होतं की हे स्टेडियम काँक्रीटपेक्षा माणसांमुळे मोलाचं आहे. पाच वर्षांत, 2005 मध्ये, जेराल बंद झालं. तिथे खुर्च्या आल्या. 2010 ते 2013 या काळात बाहेरची भिंत तेवढी ठेवून आतला सगळा वाडगा फोडला, मूळ छप्परही उतरवलं. खर्च एक अब्ज रियालच्या पुढे गेला आणि त्यातल्या लाचखोरीची प्रकरणं कोर्टात गेली. 2016 च्या ऑलिम्पिकनंतर काही महिन्यांतच गवत वाळलं, खुर्च्या उखडल्या गेल्या, बिलं थकल्याने वीज तोडली गेली. पुढे 2019 पासून फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से यांनी मिळून कारभार हाती घेतला, तेव्हा कुठे घडी बसली.

आज तिथे जाणाऱ्याला काय मिळतं? मेट्रोची दोन नंबरची लाइन किंवा उपनगरी गाडी, दोन्ही माराकाना स्टेशनवर उतरवतात, आणि पुलावरून चालत थेट दारात. तिथे चषक उंचावलेल्या, 1958 च्या कप्तान बेलिनीच्या पुतळ्यापाशी लोक एकमेकांना भेटायला बोलावतात. टूर घेतली तर खेळाडूंची खोली, बोगदा, मैदानाची कड आणि पेले, युसेबिओ यांच्या पायांचे ठसे बघायला मिळतात. घिग्गियाचेही ठसे आहेत. 2009 मध्ये त्याला सन्मानाने बोलावून घेतलं. तो वारला तोही 16 जुलैलाच, 2015 मध्ये. आतल्या पिवळ्या-निळ्या-पांढऱ्या खुर्च्या जेमतेम 78 हजार. दृश्य पूर्वीपेक्षा किती तरी चांगलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण टूरवर समाधान मानू नका, सामन्याच्या दिवशी जा आणि गोलमागच्या उत्तर किंवा दक्षिण भागातलं तिकीट काढा. तिथे खुर्च्या असूनही नव्वद मिनिटं कुणी बसत नाही.

हाच माझा मुद्दा आहे. उभं राहून बघणं धोक्याचंच असतं, हे म्हणणं टिकत नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला जवळपास पंचवीस हजार लोक सुरक्षितपणे उभे राहून लीगचे सामने बघतात, आणि खुद्द ब्राझीलमध्ये पोर्तो आलेग्रेच्या ग्रेमिओने आपल्या नव्या स्टेडियममध्ये बिनखुर्च्यांचा भाग राखला आहे. माराकानाने जेराल परत बांधलं पाहिजे, आणि त्याचं तिकीट रिओतल्या कामगाराला परवडेल एवढंच ठेवलं पाहिजे.