वाट पाहणाऱ्याला दोष देऊ नका

तत्त्वज्ञानाच्या माणसाला सर्व्हरमधलं काय कळतं, असं मागच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं. आज त्याचं उत्तर देतो.

वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचे स्कॅन एका सर्व्हरवर ठेवलेले होते. वीज जाऊन आली की तो सुरू व्हायला पाच-सात मिनिटं लागायची. विद्यार्थी ताटकळत, बोलणी मात्र कंत्राटी ऑपरेटरला. डिस्क बदलली, रॅम वाढवली, फरक शून्य. शेवटी त्या पोरालाच काढायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

फायली वाटून देणारा तिथला प्रोग्राम म्हणजे सांबा. १९९१-९२ च्या सुमारास कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी तो लिहायला घेतला. त्याचं आधीचं नाव एका कंपनीच्या मालकीचं निघालं, म्हणून एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द त्यांनी शब्दयादीत शोधला. सापडला सांबा.

नावाचा घोळ इथेही होताच. पूर्वी साऱ्या संगणकांची नावं एकाच यादीत असत आणि जो तो तिची नक्कल ठेवी. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. म्हणजे नाव स्वतः लक्षात ठेवायचं नाही, जाणत्याला विचारायचं. पण जाणता जागेवर नसला तर? लिनक्स सहसा पाच सेकंद थांबतं आणि पुन्हा एकदा विचारतं. असे दोन जाणते गैरहजर असले, की एका प्रश्नाला वीस सेकंद गेली. आणि सुरू होताना प्रश्न एकच नसतो.

आमच्याकडे हेच झालं होतं. इंटरनेटचं कनेक्शन बदललं, पण नाव विचारायचे पत्ते जुनेच राहिले. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. त्यानंतरही आपल्या कामासाठी कुणी अकोल्याच्याच खिडकीपुढे उभं राहावं, तसं हे. सर्व्हर स्वतःचंच नाव त्या बंद खिडकीत विचारत होता!

खूण साधी होती. प्रोसेसर रिकामा, डिस्कचा दिवा शांत. म्हणजे यंत्र काम करत नव्हतं, वाट पाहत होतं. होस्ट्स फाइलमध्ये त्याचं नाव आणि पत्ता लिहिला, जुने पत्ते बदलले. सर्व्हर लगेच उठला. मग मुद्दाम जुनी मांडणी परत केली, पुन्हा रखडला. नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: कारण असलं की कार्य दिसतं, नसलं की दिसत नाही. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय कारण ठरवू नये.

लिनक्समध्ये कोणाला किती वेळ लागला हे दाखवणारी एक आज्ञा आहे. तिचं नावच ‘ब्लेम’, म्हणजे दोष. पण तिच्या माहितीपत्रकातच इशारा दिलेला आहे, की यादीत वर दिसणारा कदाचित दुसऱ्यासाठी नुसता थांबलेला असेल.

तो ऑपरेटर कामावर राहिला. एवढंच सांगायचं होतं.