डॉक पॅनेल व बटणाचा मेळ
मुख्य विंडोच्या कडेला चिकटणारे, ओढून सुटे करता येणारे पॅनेल आणि ते दाखवणारे-लपवणारे बटण यांची स्थिती जुळती ठेवण्याची पद्धत. नॉर्वेत जन्मलेल्या क्यूटी या सी प्लस प्लस लायब्ररीत त्यासाठी २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून क्यूडॉकविजेट हा क्लास आहे. बटणाने पॅनेल लपवणे सोपे; खरी अडचण उलट दिशेची. पॅनेल त्याच्याच फुलीवरून बंद केले, तरी बटण दाबलेलेच राहते. पॅनेलचा ‘व्हिजिबिलिटीचेंज्ड’ (दृश्यता बदलली) हा सिग्नल बटणाला जोडणे हा नेहमीचा, पण फसवा इलाज. पॅनेले टॅबमध्ये एकत्र ठेवली असतील, तर शेजारचा टॅब पुढे आला तरी हा सिग्नल ‘दिसत नाही’ म्हणतो. बटण उठते आणि त्यामुळे नुसते झाकलेले पॅनेल खरोखरच बंद होते. त्यापेक्षा पॅनेलचीच ‘टॉगलव्ह्यूॲक्शन’ ही दाखवण्या-लपवण्याची तयार क्रिया मागून बटणाला आणि मेनूला द्यावी. तिची खूण आपोआप बदलली तरी पॅनेल उघडत-मिटत नाही. त्यासाठी ती क्रिया प्रत्यक्ष चालवावी लागते, उदाहरणार्थ क्लिक करून.